नाव नको, अंगठा द्या

प्रश्न साधाच होता. "आपल्याकडे लॉगफोरजे आहे का?"

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार, सकाळचे साडेसात. करोनामुळे हिंजवडीतल्या काचेच्या इमारती अजून निम्म्या रिकाम्या होत्या आणि त्यांतली माणसं माण, मारुंजी, वाकडच्या फ्लॅटांत डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली होती. मीही त्यातलाच. हातात चहा आणि फोनवर क्लायंटचा हा एका ओळीचा मेसेज. क्लायंट कोण, कंपनी कोणती, याला महत्त्व नाही. त्या दिवशी जगभरच्या कंपन्यांमध्ये हाच प्रश्न विचारला जात होता आणि बहुतेक ठिकाणी उत्तरही एकच मिळत होतं: बघून सांगतो.

बघून सांगायला आम्हाला अठरा दिवस लागले.

हिंजवडीला लोक पुणे म्हणतात. सातबाऱ्यावर ती मुळशी तालुक्यात आहे. आयटी पार्क उभं राहण्याआधी इथे शेतं होती, आणि तालुक्याचं ठिकाण आजही पौड. पौडला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कधी रांगेत उभे राहिला असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. तिथे नाव कुणीही सांगू शकतो, अंगठा मात्र ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. जमिनीच्या व्यवहारांनी मुळशीत काही घरं उभी केली, काही बसवली. त्यामुळे नाव आणि अंगठा यांतला फरक इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. मला तो कळायला चाळिशी उलटावी लागली आणि हा शुक्रवार उजाडावा लागला.

आधी लॉगफोरजे म्हणजे काय ते सांगतो. जावा भाषेतला कुठलाही मोठा प्रोग्राम दिवसभर एक रोजकीर्द लिहीत असतो. अमुक वाजता अमुक आला, पासवर्ड चुकला, फाइल सापडली नाही, वगैरे. ही वही लिहिणारा कारकून प्रत्येकाने नव्याने घडवण्यात अर्थ नसतो. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली काही स्वयंसेवकांनी एक तयार कारकून लिहून ठेवलाय, तो सगळे फुकटात कामाला लावतात. तोच लॉगफोरजे. बँका, विमा कंपन्या, सरकारी पोर्टलं, खेळ, सगळीकडे हा बसलेला.

२०१३ साली या कारकुनाला एक जादा कसब शिकवलं गेलं. नोंदीच्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, त्यापुढे महिरपी कंस आणि कंसात एक पत्ता आला, तर तो मजकूर तसाच उतरवायचा नाही. त्या पत्त्यावर जायचं, तिथून माहिती आणायची आणि मग लिहायचं. सोय म्हणून ठीक. पण रोजकीर्दीत जे लिहिलं जातं, ते पुष्कळदा बाहेरच्या माणसाने टाइप केलेलं असतं! लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी मी असा पत्ता लिहिला, तर चुकलेला प्रयत्न नोंदवायला कारकून वही उघडणार, पत्ता वाचणार, इमानेइतबारे तिथे जाणार, आणि तिथे मी ठेवलेला प्रोग्राम घरात आणून चालवणार. माइनक्राफ्ट या खेळात तर गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकली की समोरचा सर्व्हर ताब्यात येत होता.

आठ वर्षं हे भगदाड उघड्यावर होतं. ते पहिल्यांदा अपाचीच्या कानावर घातलं अलीबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकातल्या चेन झाओजुन यांनी, २४ नोव्हेंबर २०२१ला. दुरुस्ती गुपचूप चालू असतानाच कुठेतरी बोभाटा झाला आणि ९ डिसेंबरला हल्ल्याची कृती जगजाहीर झाली. क्लाउडफ्लेअरने नंतर आपल्या नोंदी चाळल्या, तर पहिला प्रयत्न १ डिसेंबरचा निघाला. म्हणजे चोर आपल्याआधी नऊ दिवस फिरत होते. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा मिळाले. मिळवायचेच म्हटले तरी इतके गुण सहसा मिळत नाहीत.

आता आमचं काम. दोनशेच्या आसपास सर्व्हर, काही आमचे, काही इतरांनी बसवून दिलेले. लॉगफोरजे ही एक फाइल असते, जार नावाच्या प्रकारातली. जार म्हणजे नाव बदललेली झिप. तिच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते. मग सोपं आहे, म्हटलं. सगळ्या डिस्कवर या नावाच्या फाइली शोधायच्या. दुपारपर्यंत मोठी यादी हातात आली आणि मी खुशीत ती क्लायंटला पाठवून दिली.

यादी चुकीची होती, आणि तीही दोन्ही अंगांनी. लॉगफोरजे हे शब्द ज्यांच्या नावात आहेत अशा कितीतरी फाइली निर्दोष असतात. दोष 'कोअर' नावाच्या भागात होता. 'एपीआय' नावाच्या भागात नव्हता. जुन्या १.२ मालिकेतला कारकून वेगळाच, त्याला हा रोग नाही. आणि एक फाइल अशी असते की तिच्या नावात लॉगफोरजे आहे, पण तिच्यातून सगळं काम दुसऱ्याच कारकुनाकडे वळवलेलं असतं. आडनाव एक म्हणून सगळ्या भावकीला कोठडीत टाकावं तसं मी केलं होतं.

दुसरं अंग जास्त वाईट होतं, ते संध्याकाळी कळलं. आमच्या टीममध्ये पौडचा एक पोरगा होता, नोकरीत येऊन दोन वर्षं झालेली. वडील मुद्रांक विक्रेते, त्यामुळे लहानपण कचेरीच्या आवारात गेलेलं. कॉलवर सगळे एकाच वेळी बोलत असताना त्याने हळूच विचारलं, "सर, आपण नावाने कशाला शोधतोय? आमच्याकडे नावाने खातेदार शोधला तर एका गावात चार निघतात. आणि ज्याने लपवायचं ठरवलंय तो नाव बदलूनच येतो."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"अंगठा बघू ना. हॅश."

वाचकाला हॅश सांगायला हवा. कोणतीही फाइल घ्या, लहान असो वा मोठी, तिच्या प्रत्येक बाइटवरून एक ठरलेलं गणित फिरवायचं आणि शेवटी ठरावीक लांबीचा आकडा काढायचा. शा-२५६ या पद्धतीत तो चौसष्ट अक्षरी येतो. पावणेदोन एमबीची जार असो की तुमच्या मुलाचा बायोडेटा, आकडा चौसष्ट अक्षरीच. फाइल तीच असेल तर आकडा तोच येणार, पुण्यात काढा नाहीतर पेरूत. आणि एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तर सगळा आकडा उलटापालटा होतो. 'मुळशी'तला मु चुकून दीर्घ लिहिलात तर नव्या आकड्याचं जुन्याशी काहीही नातं उरत नाही. शुद्धलेखनाचे इतके कडक मास्तर मी दुसरे पाहिले नाहीत. फरक एवढाच की चूक कुठे झाली ते हे मास्तर कधीच सांगत नाहीत. शक्य आकडे किती? ती संख्याच ७८ अंकी आहे. त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींचे अंगठे योगायोगाने जुळतील ही भीती बाळगायचं कारण नाही.

आणि फाइलीचं नाव? ते या गणितात येतच नाही. नाव फाइलीच्या बाहेर असतं, पाटीसारखं. ते बदला, अंगठा ढिम्म.

अंगठ्यावरून माणूस ओळखायची युक्ती आपल्याकडचीच आहे, हे या निमित्ताने आठवलं. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्याच्या पाठीवर पंजाचा ठसा घेतला, पुढे करार नाकारू नये म्हणून. ठसे घेणं सोपं होतं. लाखभर ठशांच्या ढिगातून हवा तो ठसा काढणं कठीण. ते कोडं कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवलं, आणि १८९७ साली तिथे जगातलं पहिलं ठसे-कार्यालय उभं राहिलं. श्रेय बराच काळ त्यांच्या इंग्रज साहेबाकडे राहिलं, ते वेगळं.

फाइलींच्या ठशांचंही असं एक कार्यालय आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला एनआयएसटी ही मानकं ठरवणारी सरकारी संस्था बाजारात आलेली सॉफ्टवेअरं गोळा करते, त्यांतली एकेक फाइल काढून तिचे हॅश नोंदवते आणि ती वही सगळ्यांना खुली ठेवते. तिचा मुख्य उपयोग पोलिसांना. जप्त केलेल्या हार्ड डिस्कवर लाखो फाइली असतात, त्यांतल्या बहुतेक विंडोजच्या आणि ऑफिसच्या. त्या वहीशी ताडून ओळखीच्या फाइली बाजूला काढल्या की उरतात त्या त्या माणसाच्या. म्हणजे इथे हॅश चोर पकडत नाही, गर्दीतली सभ्य माणसं घरी पाठवतो. आपल्याकडे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायची जागा छापलेली आहे. कोणत्या पद्धतीने काढला तेही लिहायचं. पंचनाम्यावर पंचांच्या सहीशेजारी आता फाइलीचा अंगठा.

तर शुक्रवारी रात्री आम्ही दोन याद्या केल्या. एक, लॉगफोरजे कोअरच्या दोषी आवृत्त्यांचे हॅश, २.० च्या नवव्या बीटापासून २.१४.१पर्यंत. त्या सगळ्या मूळ जार मेवन सेंट्रल या जावाच्या जागतिक कोठारात ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीशेजारी तिचा हॅशही ठेवलेला असतो. हा झाला गुन्हेगारांचा अल्बम. दुसरी यादी आमच्या सर्व्हरांवरच्या झाडून सगळ्या जारांच्या हॅशची, नाव काहीही असो. मग दोन्ही याद्या एकमेकींवर टाकायच्या.

शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास पहिली जुळणी पडली. फाइलीचं नाव होतं रिपोर्ट-कॉमन. इतकं निरुपद्रवी नाव की मी शंभर वेळा समोरून गेलो असतो. ती होती लॉगफोरजे कोअर २.११.२, एक बाइटही न बदललेली.

ही फाइल ज्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर आली होती त्यांनी शुक्रवारीच लेखी कळवलं होतं की आमच्याकडे लॉगफोरजे नाही. त्यांचं नाव घेत नाही. सकाळी अकराला कॉल लावला. पलीकडचा इंजिनिअर मराठी निघाला.

"सर, आम्ही मेलवर दिलंय. आमच्या प्रॉडक्टमध्ये लॉगफोरजे नाही."

"मेल मिळाला. तुमच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट-कॉमन नावाची जार आहे, ती कोणाची?"

"आमचीच. इन-हाउस."

"तिचा शा-२५६ काढता का जरा? मी थांबतो. पहिली सहा अक्षरं मी वाचतो, शेवटची सहा तुम्ही वाचा."

कीबोर्डचा आवाज आला. मी माझी सहा वाचली. त्याने त्याची सहा वाचली, सावकाश, शेवटची दोन तर अगदी पुटपुटत. मग काही सेकंद दोघेही गप्प.

"साहेब," तो म्हणाला, सरचा साहेब झाला होता, "ही माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेली दिसते."

तो खोटं बोलत नव्हता. कधीकाळी कुणीतरी इन्स्टॉलर सुटसुटीत व्हावा म्हणून जारांना घरगुती नावं दिली होती, आणि तो माणूस पुढे नोकरी सोडून गेला. त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे हीच फाइल याच नावाने बसली होती. नावावर विश्वास ठेवून त्यांनी जगाला निर्धास्त केलं होतं.

मग आम्ही सगळ्यांचेच अंगठे घ्यायला लागलो. जारच नव्हे, प्रत्येक फाइल. त्यात एक गंमत झाली. सगळ्यांत जास्त वेळा आलेला हॅश कोणता म्हणून मोजलं, तर शा-१ पद्धतीतला एकच आकडा ढिगाने आढळला, डीए३९ए३ईई अशी सुरुवात असलेला. एवढ्या प्रती कशाच्या, म्हणून पोटात गोळा आला. पोरगा हसायला लागला. तो रिकाम्या फाइलीचा हॅश होता. काहीच नसण्याचाही एक अंगठा असतो आणि तो जगभर एकच. त्यानंतर डीए३९ हा आमच्यात शब्दच झाला. मीटिंगमधून काही निष्पन्न झालं नाही की कुणीतरी चॅटमध्ये तेवढंच टाकतं.

रविवारी पुढची भिंत लागली. जारच्या पोटात जार असते. संपूर्ण अॅप्लिकेशन एका गाठोड्यात बांधून पाठवायची पद्धत आहे. गाठोड्याचा हॅश घेतला तर तो गाठोड्याचाच येणार, आतल्या मालाचा नाही. तेव्हा गाठोडं सोडायचं, आतल्या जारा काढायच्या, त्यांच्या आत आणखी असतील तर त्याही. हे किती खोल जातं? गूगलच्या लोकांनी १७ डिसेंबरला मेवन सेंट्रलचा हिशेब मांडला. ३५ हजारांहून अधिक पॅकेजं बाधित, म्हणजे कोठाराच्या आठ टक्क्यांहून जास्त. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ठिकाणी दोष पहिल्या थरात नव्हताच. बहुतेकांत पाच थर खाली, काही ठिकाणी नऊ. तुम्ही ज्याचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याने ज्याचं घेतलं, त्याने ज्याचं घेतलं... आणि तळाशी तो कारकून. आमच्या सोसायटीतल्या टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून येतं हे विचारत गेलं तर असंच होतं.

त्याहून वाईट गाठ म्हणजे शेडेड जार. काही लोक लॉगफोरजेची जार उसवतात, आतले हजारभर क्लास, म्हणजे प्रोग्रामचे सुटे तुकडे, आपल्या क्लासमध्ये ओततात आणि पुन्हा एकच जार शिवतात. आता मूळ जार कुठेच नाही. तिचा अंगठाही नाही. भात शिजल्यावर पोतं शोधून काय उपयोग?

इथे उत्तर सापडलं ते नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधल्या फॉक्स-आयटी कंपनीच्या लोकांकडून. त्यांनी त्याच दिवसांत एक छोटं शोध-अवजार खुलं केलं. त्यांची कल्पना अशी: जारचा अंगठा गेला तर जाऊ द्या, आतल्या एका शिताचा घ्या. पत्त्यावर जाऊन माल आणण्याचं काम जो क्लास करतो, जेएनडीआयमॅनेजर नावाचा, तेवढाच शोधायचा, कुठल्याही गाठोड्यात, कितीही खोल, आणि त्याचा हॅश पाहायचा. तो क्लास प्रत्येक आवृत्तीत बदललेला नाही. २.९.०पासून २.११.२पर्यंत एकच होता, २.१४.० आणि २.१४.१मध्येही एकच. त्यामुळे दहा-अकरा हॅशांच्या चिमुकल्या यादीवर आठ वर्षांच्या बहुतेक आवृत्त्या ओळखता येत होत्या. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आम्ही ते अवजार लावलं आणि आणखी सात ठिकाणं सापडली. त्यांतली दोन अशी होती की तिथे जावा चालतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

अवजार उघडून वाचलं तेव्हा मी दचकलो. त्यात हॅश होता एमडी५ पद्धतीचा. आणि एमडी५ मोडीत निघालेली आहे हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाचं पोरही सांगतं.

ती कशी मोडली हाही एक किस्सा आहे. रॉन रिव्हेस्ट यांची ही पद्धत १९९२पासून जगभर वापरात होती. ऑगस्ट २००४मध्ये अमेरिकेतल्या सांता बार्बराला गुप्तलेखनाची वार्षिक परिषद भरली, आणि चीनच्या शाओयुन वांग यांच्या चमूने दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ येतो असं दाखवणारा निबंध मांडला. लोकांनी पडताळून पाहिलं तर जुळेना. वांगबाईंच्या हाती असलेल्या वर्णनात सुरुवातीच्या आकड्यांचे बाइट उलट्या क्रमाने होते, त्यामुळे त्यांनी एका वेगळ्याच, अस्तित्वात नसलेल्या एमडी५चा फडशा पाडला होता! दुसरा कुणी असता तर सामान आवरून परत गेला असता. त्यांच्या चमूने खऱ्या आकड्यांवर गणित पुन्हा चालवलं आणि व्याख्यानाआधी नवी जोडी हजर केली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. शोधाचा खरेपणा कशाने सिद्ध झाला असेल तर त्या चुकीनेच. जी युक्ती चुकीच्या कुलपावर आणि बरोबर कुलपावरही चालते ती फुकाची नव्हे. २०१२मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रामने एमडी५मधली हीच फट वापरून मायक्रोसॉफ्टच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र बनवलं. शा-१चीही तीच गत २०१७मध्ये अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय आणि गूगलच्या संशोधकांनी केली.

मग फॉक्स-आयटीच्या लोकांनी एमडी५ का घेतली? थोडा विचार केला आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. वांगबाईंची युक्ती चालते ती दोन्ही मजकूर स्वतः घडवणाऱ्याला. एकसारखा अंगठा असलेली जुळी भावंडं तुम्ही जन्माला घालू शकता. पण आधीच जन्मलेल्या परक्या माणसाच्या अंगठ्याशी जुळणारा दुसरा माणूस घडवणं एमडी५मध्येही आजवर कुणाला जमलेलं नाही. जेएनडीआयमॅनेजर हा क्लास प्रामाणिक स्वयंसेवकांनी वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला. त्याच्या बाबतीत मोडलेलं कुलूपही पुरेसं होतं, आणि हिशेब झटपट होत होता. "मोडीत निघालं" एवढंच पाठ करणाऱ्या माझ्यासारख्यांपेक्षा काय मोडलं हे ठाऊक असणारे पुढे असतात.

त्या दिवसांत सगळ्यांत वैताग आणला तो मात्र शोधाने नाही, दुरुस्तीने. १० तारखेला २.१५.० आली. आम्ही रात्रभर जागून ती बसवली, तिचा हॅश 'चांगला' या रकान्यात लिहिला. तीन दिवसांत कळलं की तिच्यातही भोक राहिलंय. २.१६.० घ्या. ती बसवतोय तोवर २.१७.०. मग २८ डिसेंबरला २.१७.१. दरवेळी कालचा सज्जन आजच्या अल्बममध्ये. २.१५.०च्या फाइलीत एक बाइट बदलला नव्हता, अंगठा तोच होता. बदललं होतं ते आमचं तिच्याबद्दलचं मत. हॅश ओळख पटवतो, चालचलणुकीचा दाखला देत नाही. पौडच्या कचेरीतही अंगठा जुळला म्हणजे माणूस तोच एवढंच सिद्ध होतं. व्यवहार सरळ आहे असं कुठे सिद्ध होतं?

एका सर्व्हरवर नवी आवृत्ती चालत नव्हती, तिथे आम्ही अपाचीनेच सुचवलेला जुगाड केला. जार उघडायची, दोषी क्लास उपटून टाकायचा, जार मिटायची. रोग गेला. पण अंगठाही बदलला. आता ती फाइल ना दोषींच्या यादीत, ना निर्दोषांच्या. प्रत्येक तपासणीत 'अनोळखी' म्हणून लाल दिवा लागायचा आणि मला खुलासा लिहावा लागायचा. दुसऱ्या एका ठिकाणी कुणीतरी उत्साहाने अपाचीचा मूळ कोड आणून इथेच बिल्ड केला, म्हणजे त्याची जार बनवली, एका अक्षराचाही फरक न करता. हॅश जुळेना. अर्धा दिवस त्यात गेला. कारण निघालं झिपमध्ये: आतल्या प्रत्येक फाइलीशेजारी ती बनवल्याची वेळ लिहिलेली असते. अपाचीचं घड्याळ वेगळं, माणचं वेगळं. कोड जुळा, जन्मवेळ निराळी, म्हणून पत्रिका निराळी. हे टाळून कुणीही, कुठेही बिल्ड केलं तरी तोच हॅश यावा यासाठी डेबियनसारख्या प्रकल्पांत लोक वर्षानुवर्षं खपताहेत. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा.

तो हट्ट नव्हता हे मार्च २०२४मध्ये दिसलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या छोट्या पॅकेजच्या अधिकृत गाठोड्यातच कुणीतरी चोरदार बसवलं होतं. सही खरी, हॅश जुळणारा, आत विष. उघड्या कोडमध्ये नसलेली एक ओळ फक्त गाठोड्यात होती. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, आणि कशावरून, तर लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय म्हणून! त्यांनी २९ मार्चला हे जाहीर केल्यावर जगभर जी शोधाशोध झाली, तीत विषारी गाठोडी ओळखायला पुन्हा त्यांचे हॅशच कामी आले.

आमचा २८ डिसेंबर साध्या पद्धतीने संपला. शेवटचा सर्व्हर हिरवा झाला आणि क्लायंटला मी दोन शब्दांचं उत्तर पाठवलं. "आता नाही." अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळाने २०२२च्या जुलैत नोंदवलं की तिथल्या एकाच केंद्रीय खात्याचे या कामात ३३ हजार तास गेले, आणि हा दोष दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ इथे-तिथे सापडत राहील. आमचे तास कुणी मोजले नाहीत. पौडच्या त्या पोराला पुढे दुसऱ्या कंपनीत चांगली नोकरी लागली. जाताना त्याने आमच्या सगळ्या सर्व्हरांची ठसेवही रात्री आपोआप अद्ययावत होईल अशी सोय करून ठेवली, ती अजून चालू आहे. आता तोच प्रश्न आला तर उत्तराला चार मिनिटं लागतात.

लॉगफोरजे कोअर २.१४.१ ही आवृत्ती मार्च २०२१मध्ये मेवन सेंट्रलवर चढली. त्या कोठाराचा नियम असा की एकदा ठेवलेली फाइल बदलायची नाही आणि काढायचीही नाही, कारण जगात कुणाचं तरी बिल्ड तिच्यावर अवलंबून असतं. कोठार सांभाळणाऱ्या सोनाटाइप कंपनीच्या २०२४च्या अहवालानुसार, लॉगफोरजेच्या दर शंभर डाउनलोडांपैकी तेरा अजूनही दोषी आवृत्त्यांचेच होते. २.१४.१ची फाइल आजही तिथे आहे, पावणेदोन एमबीची, त्याच अंगठ्यासकट.